एका कॉटवरची दोन माणसं

काळीपिवळी जीपमधून उतरताच अभिमन्यूनं पुन्हा फोन लावला आणि कानाशी धरून तो रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालू लागला.

"बंदच?" सुरेखानं विचारलं.

"बंद."

सुरेखानं पदरानं तोंडावरची धूळ पुसली, चपलेत अडकलेला खडा काढून टाकला आणि नवऱ्याच्या आधी तीच पानटपरीवाल्याकडे गेली. "अमरनाथअप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान कुठं हाय हो?"

"देवळापर्यंत जाऊ नका. अलीकडंच, डाव्या हाताला. बाहेर पोती दिसतील."

ती पुढे निघाली. अभिमन्यू मागून चालू लागला. पहाटे तलवाड्याहून निघाल्यापासून तो मनात एकच वाक्य जुळवत होता, आणि गाव आलं तरी ते जुळलं नव्हतं. मल्लिनाथला शिवी द्यावी की आधी त्याची तब्येत विचारावी, हेच त्याला ठरवता येईना.

भोसरीला ज्या खोलीत तो राहत होता तिथं सहा कॉट होत्या आणि माणसं बारा. अभिमन्यू दिवसपाळीला एका कंपनीत, मल्लिनाथ गोदामावर कायम रात्रपाळीला. म्हणून मालकानं दोघांना मिळून एकच कॉट दिली होती. एक उठला की दुसरा आडवा होई. दीड वर्षं असं चाललं होतं. दोघांची गाठ पडायची ती सकाळी नळावर, एकाच्या तोंडात ब्रश आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत झोप असताना. सुट्टीच्या दिवशी एकानं गच्चीवर चादर टाकायची, हे न बोलता ठरून गेलं होतं. तरी अभिमन्यूला वाटायचं, आपण ह्या माणसाला भावापेक्षा जास्त ओळखतो. मल्लिनाथ तिरका झोपतो, हे गादीच्या खळग्यावरून त्याला कळलं होतं. उशीच्या अभ्र्याला भस्माचा पांढुरका डाग असे. घाईच्या सकाळीसुद्धा अभिमन्यू त्याच्यासाठी चादर झटकून ठेवी. संध्याकाळी परत येई तेव्हा मल्लिनाथनं ती घडी घालून पायथ्याशी ठेवलेली असे.

गणपतीत दोघांनाही एकाच दिवशी सुट्टी मिळाली आणि गच्चीवर बसून त्यांनी बेत केला. एक खोली, लहानसं स्वयंपाकघर, आत न्हाणी. एकट्याच्या पगारात ते भाडं झेपणारं नव्हतं; अर्धंअर्धं केलं तर झेपणार होतं. दोघांनी बायका आणायच्या.

"तू रात्री नसतो, मी दिवसा नसतो," अभिमन्यू म्हणाला होता. "गर्दी होतीच कुठं बे?"

"मधी पडदा लावू," मल्लिनाथ म्हणाला होता.

खोली बघायला गेले तेव्हा अभिमन्यूनं पडद्याची तार कुठून कुठं जाईल ते वितीनं मोजूनही घेतलं. मग दसऱ्याला मल्लिनाथ बायकोला, रुद्राणीला, आणायला म्हणून गावी गेला, आणि तिथंच राहिला. फोन बंद. खोलीवाल्यानं सोमवारपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं.

तिकडे तलवाड्यात मुकादम येऊन बसला होता. दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी कारखान्याला निघणार होती. "सुनेला धरू का औंदा?" त्यानं अभिमन्यूच्या वडिलांना, बबनरावांना विचारलं. सुरेखा चुलीपुढे होती. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. मागच्या साली ती गेली होती. थंडीत पहाटे उसाच्या फडात उभं राहणं काय असतं ते तिला ठाऊक होतं. बबनराव म्हणाले, "पोरगं काय म्हणतंय बघू. सोमवारी सांगतो." रजा टाकून आलेला अभिमन्यू मल्लिनाथच्या गावी, धर्मापुरीला जायला निघाला, तेव्हा ती पिशवी घेऊन दारात उभीच होती.

"जिच्यासंगं राहायचं तिला बघू तरी द्या," एवढंच ती म्हणाली.

दुकानात मल्लिनाथ तराजूवर पेंड मोजत होता. त्यानं वर पाहिलं आणि हातातलं फावडं तसंच पोत्यात राहिलं.

"फोन कावून बंद बे?" अभिमन्यूच्या तोंडून शेवटी हेच निघालं.

"पडलता."

"कुठं पडलता?"

मल्लिनाथ गिऱ्हाइकाकडे पाहत राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "पडला न्हाई. बंद ठिवला."

गल्ल्यावर बसलेले मल्लिनाथचे वडील, अमरनाथअप्पा, उठले. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, अंगात पांढरा सदरा. त्यांनी सुरेखाकडे पाहून हात जोडले आणि आतल्या दाराकडे वळून हाक मारली, "रुद्राणी, पाहुणे आलेत. बाईंना आत घे."

दाराआडून एक सावळी, उंच मुलगी आली. तिनं सुरेखाची पिशवी घेतली. "या ताई. लई लांबून आलात."

दुकानाच्या मागे पोत्यांवर दोघं मित्र बसले. मल्लिनाथ सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"अप्पाला सगळं सांगितलं रे. पडदा-बिडदा समदं. अप्पा म्हणले, तू रात्री कामावर, आन् घरात परका माणूस. सून अशी ठिवणार हायस का?"

"परका म्हंजे मी?"

मल्लिनाथनं मान खाली घातली.

"तुझ्या गादीवर झोपतो मी," अभिमन्यू म्हणाला. "तुला ताप आलता तवा मी कामावर खाडा केला. परका?"

"मला ठावं हाय. अप्पाला काय ठावं? आन् ते तुला फोनवर कसं सांगायचं? रोज फोन हातात घ्यायचो आन् ठिवायचो. मग बंदच केला."

अभिमन्यू उठला, दोन पावलं गेला, परत येऊन बसला. त्याला राग आला होता, पण तो मल्लिनाथवर धरता येईना. आपली बहीण असती तर आपण काय म्हटलं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते लगेच बाजूला सारलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग बायकांचं हसणं ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही.

"रुद्राणी काय म्हणती?" त्यानं विचारलं.

"तिला कुणी इचारलं?" मल्लिनाथ म्हणाला. मग स्वतःच चपापला.

जेवायला ओसरीवर पानं मांडली. अप्पा मध्ये, दोघं दोन बाजूंना. सुरेखा वाढायला बाहेर आली तेव्हा अभिमन्यूनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. भाजी वाढून ती आत गेली नाही. पातेलं हातात धरून तिथंच उभी राहिली.

"अप्पा, एक बोलू का?"

अप्पांनी घास खाली ठेवला. "बोल की, माय."

"तुमचं बोलणं मला रुद्राणीताईनं सांगितलं. ते खरं हाय. पडद्यानं काय व्हतं? मलाच आधी ते रुचलं नव्हतं, पण ह्यांच्या हौसंपुढं बोलले न्हाई." ती थोडी थांबली. "ती खोली आमी दोघी घेतो. ताईचा औषधाच्या दुकानाचा कोर्स झालाय, तिची मैत्रीण तिथंच मेडिकलवर हाय, जागा हाय म्हणती. मी कंपनीत जाईन, तारा जोडायच्या लाईनला बायाच असतात. दोघींचं मिळून भाडं निघंल."

"आन् हे दोघं?"

"ह्यांची कॉट हाय की."

अभिमन्यूचा हात ताटातच राहिला. मल्लिनाथनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मल्लिनाथकडे. खोली त्यांनी शोधली होती, बेत त्यांचा होता. त्यात आता ते कुठेच नव्हते.

अप्पांनी पाण्याचा घोट घेतला. दाराकडे न पाहताच म्हणाले, "रुद्राणी, तुझं बी हेच म्हणणं?"

"हो, अप्पा." आतून आवाज आला. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. "चूल एकच राहील. खोलीत मांस शिजवायचं न्हाई, एवढं ताईनं कबूल केलंय."

"मला बी लई आवडतं असं न्हाई," सुरेखा म्हणाली.

हे अभिमन्यूला नवीनच होतं. रविवारी गावी मटण असलं की सुरेखा हाडं चोखून खायची.

बाहेर गिऱ्हाईक हाक मारत होतं, कुणी उठलं नाही. शेवटी अप्पांनी अभिमन्यूला विचारलं, "खोलीला आतून कडी कशी हाय? धड हाय का?"

अभिमन्यूनं आठवून पाहिलं. खिडकी आठवली, ओटा आठवला, तारेसाठी खिळा मारायची जागा आठवली. दाराकडे त्यानं पाहिलंच नव्हतं.

"बघितली न्हाई," तो म्हणाला.

"नसंल तर नवी बसवा. लोखंडी." अप्पांनी पुन्हा भाकरीचा तुकडा मोडला. "मल्लू, परवा जाऊन ते बघ आधी."

निघताना रुद्राणीनं सुरेखाच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि धपाटी घातली. रस्त्यापर्यंत मल्लिनाथ पोचवायला आला. जीप भरेपर्यंत दोघं मित्र तिच्या सावलीत उभे होते.

"रागावला का बे?" मल्लिनाथनं विचारलं.

"कुणावर रागावू?"

"तेच," मल्लिनाथ म्हणाला.

परळीला त्यांना बीडची एसटी मिळाली. सुरेखा खिडकीशी बसली. उन्हं कलली होती, रस्त्याकडेच्या कपाशीत बाया वाकलेल्या दिसत होत्या. ती एकेक गोष्ट विचारत गेली. बायांची पाळी किती वाजता सुटते, पाणी किती वेळ येतं, तिथं दळण कुठं देतात. अभिमन्यू जमेल तशी उत्तरं देत होता. दीड वर्षात त्यानं तिथं दळण कधी दिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "आन् मी कवा यायचं?"

"तुमची सुट्टी गुरुवारी ना? बुधवारी कामावरून सुटलं की या. ताई त्या रात्री मैत्रिणीकडं जाईल. मल्लिनाथभाऊंच्या सुट्टीला मी जाईन." तिनं त्याच्या गुडघ्यावरचा पेंडीचा भुगा झटकला. "आमचं ठरलंय ते."

त्यानं समोरच्या सीटचा दांडा धरला. मग म्हणाला, "तुला आणायची म्हणून एवढं केलं मी. आन् तू तिथं येऊन बी दुसरीकडंच राहणार."

"लांब हाय का तुमची कॉट?"

"चार गल्ल्या सोडून."

"चार तर चार," सुरेखा म्हणाली. "आतापावतर किती व्हत्या?"

गाडी सिरसाळ्याच्या पुढं आली होती. सुरेखानं पिशवीतलं धपाटं काढलं, मधोमध मोडलं आणि अर्धं त्याच्यापुढे धरलं.