खालाचं कर्ज, माझं नाव

मला राग लवकर येतो, हे आमच्या साऱ्या गल्लीला ठावं हाय. पण त्या सोमवारी सात रस्ता चौकातल्या फायनान्स हापिसात राग ह्यांना आला आन् मी मुंडी खाली घालून गप बसले. चूकच माझी व्हती की!

हे म्हंजी माझे मालक, महिपती. नऊ वर्सं झाली, शिवयोगीअण्णांची सात सीटची गाडी चालवतात. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर. अण्णांच्या बोळात जागा न्हाय म्हणून गाडी आमच्याच दारात उभी असती. रोज सकाळी पुसायची ह्यांनी, पंक्चर काढायचं ह्यांनी, आन् कमाई अण्णांची. आता अण्णा पोराकडं पुण्याला निघाले. म्हणले, "महिपती, साडेपाच लाखाला देतो, पहिला मान तुझा. पण शनिवारपतुर काय ते कर. सांगोल्याचा एक डाळिंबवाला रोख घिऊन बसलाय."

फायनान्सवाले म्हणले, एक लाख दहा हजार तुमी भरा, बाकी आमी देतो. सहा वर्सं शाळेचे युनिफॉर्म शिवून मी जेवढं साठवलं, त्यात ह्यांचा भत्ता घातला, तर बरोबर तेवढेच झाले. वर एक रुपया न्हाय. तरी त्या दिवशी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला व्हता.

हापिसातले एजाज सर लई गोड बोलणारे. कम्प्युटरकडं बघत म्हणले, "दादा, तुमचं पतसंस्थेचं कर्ज चालू आहे, ते ठीक. पण मॅडमच्या नावावर महिला गटाचंही दिसतंय. दोन हप्ते भरून तिसरा बसत नाही. ते एक बंद करून पत्र आणा, लगेच करून टाकतो."

पतसंस्थेचं आमच्या पोरीच्या नर्सिंगच्या फीचं, ते ह्यांना ठावं व्हतं. दुसरं न्हवतं. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला खुर्चीत बसवेना.

आमच्या गटात ही रीतच हाय. जिचं नाव बसत न्हाय, तिच्यासाठी दुसरीनं आपल्या नावावर उचलायचं, आन् हप्ता जिचा तिनं भरायचा. शेजारच्या बिबीजानखालाची साठी उलटली, तिला कोण कर्ज देतंय? शेंगाचटणी आन् कडक भाकरी इकून एकटी जगती बिचारी. हातानं कुटून कुटून खांदा गेला म्हणून तिला मशीन घ्यायचं व्हतं. मी म्हणलं, "घे की माझ्या नावावर, त्यात काय!" केली सही. ह्यांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सांगितलंच न्हाय.

घरी आल्यावर हे म्हणले, "एकवीस हजारच ऱ्हायलेत. तिचे हायत, तिनं भरावेत. जा, सांग."

खरं व्हतं त्यांचं. समोरच्याचं खरं असलं की मला जास्तच राग येतो. पण गेले.

खाला भाकरी थापत व्हती. आईकून घेतलं आन् म्हणली, "एवढंच व्हय गं? उद्या भरते. महिपतीची गाडी माझ्यापायी अडायची न्हाय."

कुटनं आणशील, एवढं इचारायला मला तोंड व्हतं. इचारलं न्हाय. उत्तर नको व्हतं मला.

बुधवारी कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात आलं. एजाज सर म्हणले, शनिवारी या सहीला. हे दिसंल त्याला सांगत सुटले. "आता तुळजापूरला पहिली तुलाच न्हेणार," म्हणले मला. लगीन झाल्यापासून एवढं बोलताना मी त्यांना बघितलं न्हवतं.

शुक्रवारी दुपारी मी खालाला गाडीच्या पूजेचं सांगायला गेले. दारात एक जण फटफटीवर बसलेला. खालानं पदराची गाठ सोडून त्याला तीनशे रुपये दिले, त्यानं वहीत टिक मारली.

"कोण गं ह्यो?"

खाला पदराची गाठ परत बांधाय लागली. त्यानंच सांगितलं. हातात एकवीस हजार, फेडायचे तीस. रोज तीनशे, शंभर दिवस.

"पिसाळलीस का गं तू?" मी वराडलेच. "दिवसाला तुला सुटतात किती? साडेतीनशे? मग खाणार काय, चटणीची पाटी?"

"शंभर दिवस की, सरतील," खाला म्हणली. "तुझ्या नावाला माझा डाग नको."

मला तितंच रडू कोसळलं. मी तिच्यावर वराडत व्हते, पण खड्ड्यात ढकललं कुणी? म्याच. आमचं कर्ज कम्प्युटरवर दिसत व्हतं, तिचं आता कुटंच दिसत न्हवतं, एवढाच काय तो फरक झाला व्हता.

फटफटीवाला म्हणला, आज सगळे दिले तर चोवीस हजारात मिटवतो.

घरी जाऊन गाडीच्या पैशातले चोवीस हजार काढले आन् आणून दिले. वही फाडायला लावली. खालाला ठोकून दिलं, "फायनान्सवाल्यांनी आमी भरायची रक्कम कमी केली, पैसे उरले." तिनं माझ्या गालावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

ह्यांना मात्र त्याच सांजेला सगळं खरं सांगितलं. एकदा लपवून बघितलं व्हतं की. ह्यांनी उरलेले पैसे मोजले, पुन्यांदा मोजले. अण्णांकडं जाऊन आले. अण्णा म्हणले, गाडीच्या यवहारात उधारी न्हाय. पाव्हण्यारावळ्यांकडं शब्द टाकला, कुणी उचलला न्हाय. शनिवारी सात रस्त्याला कुणीच गेलं न्हाय.

चार दिवस हे माझ्याशी बोलले न्हाईत. वराडले असते तर बरं झालं असतं. मी ताट वाढायची, हे खाली बघून जेवायचे. मला पस्तावा झाला का? झाला. खोटं कशाला बोलू? रात सरली की पहिला त्योच इचार यायचा.

बुधवारी सकाळी सांगोल्याचा माणूस गाडी न्यायला आला. ह्यांनी गाडी पुसली, आरसे पुसले, सीटखालची जागा झाडून काढली, आन् किल्ली त्याच्या हातात दिली. गाडी गल्लीतनं वळली, तेवढ्यात खाला भाकरीची पाटी घिऊन बाहेर आली.

"आँ? महिपती, तुझी गाडी कोण घिऊन चाललंय?"

आता हे बोलणार. बोलायचा हक्क व्हता त्यांचा, आन् मी आडवणार न्हवते.

ह्यांनी फडकं पिळलं, खांद्यावर टाकलं.

"सर्व्हिसिंगला धाडली, खाला," हे म्हणले. "नवीन घेतली की करावं लागतं. द्या ती पाटी, कोपऱ्यापतुर घिऊन येतो."