चकलीचं जेवण

रविवारी सकाळी कोमट पाण्यात ठेवलेला मेलेला उंदीर उठून बसला, तेव्हा रेवती पानवलकरच्या मनात एवढंच आलं की पाणी जरा जास्तच गरम झालं असावं. उंदराने अंग झटकलं, पातेल्याच्या काठावर पुढचे पाय टेकले आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

रेवती मिरजेत दातांची डॉक्टर होती. उंदीर चकलीसाठी होता आणि चकली तिच्या मुलाची, निहारची. चकली म्हणजे आफ्रिकेतल्या जातीची पाळीव अजगरीण. भ्यायली की स्वतःभोवती वेटोळी घालून बसायची, म्हणून हे नाव. नोकरीसाठी निहार हॉलंडला गेला आणि चकली आईच्या गळ्यात पडली. जाताना त्याने बजावलं होतं, "जिवंत उंदीर कधी द्यायचा नाही, आई. त्याचे हाल होतात, वर तो हिला चावतोही. गोठवलेलाच द्यायचा, पण कोमट करून. गार असला तर ती तोंड लावत नाही."

गोठवलेले उंदीर पुण्याहून यायचे, गॅसने गुंगवून मारलेले. त्यांच्यासाठी बाल्कनीत वेगळा छोटा फ्रीज होता, कारण रेवतीचे यजमान दत्तप्रसाद अंड्यालाही हात लावत नसत. मारणारा कोणी दुसराच, लांबचा; आपण फक्त वाढायचं, अशी रेवतीने स्वतःची समजूत घातली होती.

"जिवंत आहे की हा," दत्तप्रसाद म्हणाले. त्यांनी उंदराला नॅपकिनने टिपलं, तांदळाच्या रिकाम्या पिंपात ठेवलं आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ दिली. उंदीर खाऊ लागला.

पुढच्या खेपेचा उंदीरही उठला, त्याच्या पुढचाही. फ्रीजमध्ये ते दगडासारखे पडून असायचे, ऊब लागली की उठायचे. रेवतीने चिकनचे तुकडे आणून पाहिले. चकलीने जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि मान फिरवली.

"तिला अख्खाच लागतो," निहार फोनवर म्हणाला. "केस, हाडं, पोटातलं सगळं."

"आणि तो उठून बसतो त्याचं काय?"

"पाणी बदलून बघ," निहार म्हणाला.

चकली रोडावत चालली आणि तिच्याबरोबर घरही. आधी सोफ्यापुढून जाताना गुडघे भिंतीला लागायला लागले. मग कपाटाची दारं अर्धीच उघडू लागली. हॉल जितका अरुंद होई तितका लांब होई, आणि चकलीची काचपेटी त्याच्या टोकाशी होती, ती रोज थोडी दूर जाई. गिलाव्यातून बरगड्यांसारखे उंचवटे वर आले. दत्तप्रसाद आडवे चालायला शिकले. खांद्यावर एखादा उंदीर घेऊन ते भिंतीला पाठ घासत स्वयंपाकघरात जात आणि चहा टाकत.

"तिला जंगलात सोडून येऊ," ते एकदा म्हणाले.

"ती इथल्या जंगलातली नाही. मरेल. आणि जगली, तर तिथे काय डाळ खाणार आहे?"

"तिथे ती स्वतः मारील. आपण नाही."

"म्हणजे तुम्हाला उंदराचं वाईट वाटत नाही. आपल्या हातांचं वाटतं."

दत्तप्रसादांनी खांद्यावरच्या उंदराला हळूच पिंपात सोडलं. "हो," ते म्हणाले. "वाटतं. हात माझेच आहेत ना?"

रेवती आडवी आडवी सरकत काचपेटीपर्यंत गेली. चकलीच्या पाठीचा कणा कातडीतून वर आला होता. तिने वेटोळं घातलं नव्हतं. घालायलाही ताकद लागते, हे रेवतीच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखाना बंद करून लवकर घरी आली. हात धुतले. पिंपात हात घालून तिने पहिला हाताला लागला तो उंदीर उचलला. निवडायचा नाही, हे तिने जिन्यातच ठरवलं होतं.

"काय करतेस?" दत्तप्रसादांनी विचारलं.

"जे पुण्यातला माणूस करायचा, ते."

तिने दोन बोटांत त्याची मान धरली आणि एका झटक्यात मोडली. त्याला कळलंही नसेल. मग मूठ मिटून ती हॉलमधून निघाली. पण हॉल लांब होता आणि तिची मूठ उबदार. काचपेटीपर्यंत पोचेतो उंदीर मुठीत हलायला लागला. तिने पुन्हा मान मोडली. झाकण उघडेतो तो पुन्हा जागा झाला आणि तिच्या अंगठ्याला नाक लावून हुंगू लागला.

तिसऱ्यांदा तिने ते केलं नाही. भिंतीला डोकं टेकून ती उभी राहिली. दात काढताना ती पेशंटला नेहमी सांगायची, एकदाच दुखेल. आजवर तिने हा शब्द पाळला होता.

मागून कापड भिंतीला घासल्याचा आवाज आला. दत्तप्रसाद येत होते.

"परत चला," ती म्हणाली. "तुम्हाला बघवणार नाही."

"नाही बघवणार," ते म्हणाले. "पण तू एकटीने करायचं नाही." त्यांनी हात लांब करून तिच्या खांद्यावर ठेवला. तो त्यांनी काढला नाही.

रेवतीने उंदरासकट हात पेटीत घातला.

चकली इतक्या जोरात झेपावेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. तिने उंदराला धरलं आणि वेटोळी घातली, एकावर एक. उंदराभोवती, रेवतीच्या मुठीभोवती, मनगटाभोवती. उंदीर एकदाच चिरकला. रेवतीच्या तळव्याला त्याचं काळीज लागत होतं. ते भरभर चाललं, अडखळलं, थांबलं.

"झालं," दत्तप्रसाद म्हणाले. "काढ हात."

"निघत नाहीये."

तळव्याखाली एक ठोका पडला. मग दुसरा. तिच्या हाताची ऊब त्याला लागली होती. चकलीला ते कळलं आणि तिने वेटोळं आणखी आवळलं. काळीज पुन्हा थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

"अहो," रेवती म्हणाली, "बर्फ आणा. भांडंभर आणा. माझा हात गार व्हायला हवा."

दत्तप्रसाद वळू शकत नव्हते. ते तसेच पाठ घासत मागे सरकू लागले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, बाल्कनीत, उन्हात तो फ्रीज एवढासा दिसत होता. रेवतीने दुसऱ्या हाताने पेटीची कड घट्ट धरली आणि पाय रोवले. नवऱ्याच्या सदऱ्याची खसखस लांब लांब जात राहिली, आणि तिच्या मुठीत काळीज थांबत होतं, सुरू होत होतं.