हलक्या हातातलं चोपणं

मी एक जुनं चोपणं आहे. फणसाच्या लाकडाची रुंद फळी आणि तिला वाकडी मूठ, एवढाच माझा देह. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. पाऊस सरला की अंगणातलं गवत खरवडायचं, मला आपटून आपटून माती सपाट करायची आणि वर शेणाने सारवायचं. कोरगावच्या चंद्रावतीकाकींकडे हेच काम मी तीस वर्षं केलं. "सुपारी सोडली तर तुळशीपर्यंत घरंगळत जायत," असं शेजारणी म्हणायच्या. थोडक्यात, मी गवताचा वैरी.

मग अंगणात खडी पसरली आणि मला न्हाणीमागे टाकून दिलं.

त्या खडीवरच काकींची नात सेजल पडली. सव्वा वर्षाची पोर, नुकती पावलं टाकू लागलेली. हनुवटीला तीन टाके पडले. त्या दिवसापासून खाली ठेवलं की ती पाय पोटाशी घ्यायची. तिची आई तेजस्विनी रोज तिचे तळवे चोळायची, झोपेत बोटं हलतात का बघायची.

"पायांत दोष नाही, भीती बसलीय," डॉक्टर म्हणाले. तरी आईचं मन थाऱ्यावर येईना.

घराच्या कडेला विरळ हरळी होती, मधेमधे टक्कल पडलेली. पोरीला तिथे मऊ हिरवळ करून द्यायची, असं तेजस्विनीने ठरवलं. गोवा राज्य झालं त्याच वर्षीचा पावसाळा. गणेशचवथीआधी तिने गवताचं बी फेकलं आणि एका सरीत ते गटारात गेलं.

"चवतीच्या पावसात बी टाकता कोण?" काकी म्हणाल्या. "ह्यां कॉलेजात शिकवूक नाय?"

पाऊस ओसरला, माती अजून ओली होती, तेव्हा तिने पुन्हा हात घातला. असलेलं गवत बुडाशी कापलं, दाताळ्याने माती ओरखडली. उरलंसुरलं बी रेतीत मिसळून अर्धं उभ्या फेऱ्यांत, अर्धं आडव्या फेऱ्यांत पेरलं. वर चाळलेलं शेणखत भुरभुरवलं. आता बी मातीला चिकटायला हवं, म्हणून तिने मला शोधून काढलं.

"आपटू नको गो," काकी ओरडल्या. "सेजलाक थापटून निजयतंस ना, तशी थापट."

इतकं हलकं काम मी जन्मात केलं नव्हतं.

सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. दहा दिवस काहीच नाही. अकराव्या दिवशी कामाला येणारी गंगा दिवाळीआधीचं तण काढायला आली आणि तिने तिथेच कुदळ उगारली. काकींनी धावत येऊन मला आडवं धरलं.

"थांब! थंय पाय घालू नको!"

"तणच मगो, काकी?"

"तण न्हय. माझ्या नातीचा आंगण ता."

तेजस्विनी आतून पळत आली. तिघी ओणव्या झाल्या. मातीतून केसांसारखे हिरवे कोंब वर आले होते.

महिनाभर कुणी तिथे पाऊल टाकलं नाही. मग एका सकाळी सेजलला खाली ठेवलं. तिने पाय वर घेतले. एक अंगठा टेकवला. गवताने गुदगुल्या केल्या असाव्यात, कारण दुसराही टेकला. दोन पावलं, आणि धप्प! सेजलने मूठभर गवत उपटलं, आईकडे बघून हसली आणि पुन्हा उभी राहिली. आई मात्र मटकन खालीच बसली, हसत, डोळे पुसत.

मित्रांनो, कोवळ्या हिरवळीवर घाईने पाय देऊ नका. आणि घरातलं जुनं हत्यार फेकण्याआधी ते एकदा हलक्या हाताने धरून बघा.