दोनदा टाका

माझ्या नाकावर राग असतो, असं आमचे हे येईल-जाईल त्याला सांगतात. असू दे. गजेंद्र सरांकडे सहा महिने कॉम्प्युटरची सी भाषा शिकून ज्याला राग येणार नाही, त्याची मी पूजा करीन!

गोष्ट शहाण्णवची. हे, म्हणजे लक्ष्मीकांत, बँकेत. सातारा सोडल्यापासून बदल्यांच्या मागे फिरून माझी बीएस्सी गंजून गेली होती. लखनौला आलो, इंदिरा नगरात घर मिळालं, आणि कोपऱ्यावरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला बाई हवी असल्याचं कानावर आलं. मी तडक प्रिन्सिपल बाईंना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, "विजयाजी, सी का सर्टिफिकेट ले आइए, जुलाई से पढ़ाइए." लग्नानंतर पहिल्यांदा कुणी मला माझ्या शिक्षणाबद्दल विचारलं होतं. त्या रात्री मला धड झोपसुद्धा लागली नाही.

मिठाईच्या दुकानावर गजेंद्र सरांची इन्स्टिट्यूट होती. चपला जिन्यात काढायच्या, कारण म्हणे धुळीने कॉम्प्युटर आजारी पडतो. आत एसी, आणि एसीत सरांची गोड जीभ. "मैडम, आप तशरीफ़ रखिए, सवाल बाद में." ते बाद में कधी उजाडलंच नाही. सर फळ्यावर प्रोग्राम लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, आठवड्यातून दोनदा मशीनवर नंबर लागला की तोच टाइप करायचा.

आता तो प्रोग्राम. स्क्रीनवर काही दाखवायचं असेल तर प्रिंटएफ, आणि आपण टाइप केलेलं आत घ्यायचं असेल तर स्कॅनएफ. एवढं सोपं. पण आमच्या वर्गात एक रीत होती. आकडा टाकून एंटर दाबला की मशीन ढिम्म हलायचं नाही. परत तोच आकडा टाकला की पुढे सरकायचं. "दो बार डालिए," सर म्हणायचे. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, दोनदा का? तर हसून म्हणाले, "कंप्यूटर कन्फ़र्म करता है, मैडम. आप लोग भी तो सब्ज़ी लेते वक़्त दो बार दाम पूछती हैं." सगळा वर्ग हसला. मी दात-ओठ खात खाली बसले. वर्गातले सगळे प्रोग्राम एका आकड्याचे, पाढा छापा, सम की विषम ते सांगा. त्यामुळे दोनदा टाकून भागायचं.

परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून हरिहर मिश्रा आले. मानक नगरातले रेल्वेचे इंजिनीअर, उतारवयाचे, मोजकं बोलणारे. त्यांनी सगळ्यांना एकच प्रोग्राम दिला, दोन आकडे घेऊन बेरीज दाखवा. माझं मशीन दाराजवळ, म्हणून पहिला माझाच प्रोग्राम तपासायला घेतला. त्यांनी पाच टाकले, एंटर दाबला. स्क्रीन गप्प. त्यांनी परत एंटर दाबला, तरी गप्प.

"सर, दो बार डालिए," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी परत पाच टाकले, मशीनने दुसरा आकडा मागितल्यावर सात टाकले, आणि उत्तर आलं दहा.

पाच आणि सात दहा! बालवाडीतलं पोरही हसेल!

गजेंद्र सर धावत आले. "मिश्राजी, हाउसवाइफ़ हैं, घर में वक़्त नहीं मिलता बेचारी को." बेचारी! मी ताडकन उठले. "मुझे दस मिनट दीजिए, सर," मी मिश्राजींना म्हटलं. ते म्हणाले, ठीक आहे, मी चहा घेऊन येतो.

मी प्रोग्राम ओळीओळीने वाचला. प्रिंटएफमध्ये शेवटी बॅकस्लॅश एन. म्हणजे 'खालच्या ओळीवर जा'. बरोबर. स्कॅनएफमध्येही बॅकस्लॅश एन, सरांनीच सांगितलेला, "हर जगह लगाइए, सुंदर लगता है." अहो, पण इथे तर एंटर दाबून मी स्वतःच खाली जाते! मग याचं इथे काय काम? मी तेवढंच पुसलं आणि चालवून पाहिलं. पाच टाकले, मशीन लगेच पुढे सरकलं. सात टाकले. बारा!

तेव्हा लख्ख कळलं. तो बॅकस्लॅश एन मशीनला सांगत होता, एंटर कितीही येऊ देत, दुसरं काहीतरी येईपर्यंत थांब. आपण दुसऱ्यांदा टाकलेले पाच तिथेच पडून राहायचे आणि पुढचा स्कॅनएफ तेच उचलायचा. कन्फर्म म्हणे! डोंबलाचं कन्फर्म!

एवढ्यात सर माझ्या खुर्चीशी वाकले. हातात माझं सर्टिफिकेट, पेनाचं टोपण उघडलेलं. हळूच म्हणाले, "मैडम, मिश्राजी से कह दीजिए, टाइपिंग में आपसे ग़लती हुई थी. मैं अभी साइन करता हूँ. और बाक़ी बच्चों को मैं चुपके से बता दूँगा. बस ये बता दीजिए कि हटाया क्या."

म्हणजे त्यांना अजूनही कळलं नव्हतं! सहा महिने हा माणूस आम्हाला शिकवत होता!

सोमवारी सर्टिफिकेट घेऊन शाळेत दाखवायला जायचं होतं. ती सही म्हणजे माझी नोकरी होती. आजूबाजूला पोरं कावरीबावरी होऊन बसलेली, आमच्या शेजारची ऋता तर रडायच्या बेताला आलेली. कॉलेज नुकतंच संपवलेली पोर, मीच तिला या क्लासला आणलं होतं. मी उभी राहिले आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं ओरडले, "सब लोग सुनो! स्कैनएफ़ में से बैकस्लैश एन हटाओ! सर ने ग़लत सिखाया है!"

मिश्राजी दारात उभेच होते. त्यांनी माझं मशीन पाहिलं, बारा पाहिले. "ग़लती किसकी थी?" त्यांनी विचारलं. सर माझ्याकडे पाहत होते, पेन कागदावर टेकवून.

"दस इनका था, सर," मी म्हटलं. "बारह मेरा है."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

मिश्राजींनी मला पैकीच्या पैकी दिले. पण सर्टिफिकेटवर सही इन्स्टिट्यूटची लागते, आणि ती सरांनी शेवटपर्यंत केली नाही. "रिकॉर्ड में कुछ प्रॉब्लम है, मैडम," दर वेळी तेच, तितक्याच गोडव्याने. बाकी सगळी पोरं पास झाली, सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं. प्रिन्सिपल बाई हळहळल्या, पण कागदाशिवाय त्यांचाही इलाज नव्हता. जुलैत ती नोकरी ऋताला लागली.

ती पेढे घेऊन आली. मी तोंडभरून आशीर्वाद वगैरे दिले नाहीत, उगाच खोटं कशाला सांगू? हे म्हणाले, काय गरज होती तोंड उघडायची? त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

ऋता जायला उठली आणि दारातच घुटमळली. मराठी सगळं कळतं तिला, पण बोलायची हिंदीत. "आंटी, कल मेरी पहली क्लास है. स्कैनएफ़ बच्चों को कैसे समझाऊँ? मुझे तो ख़ुद…"

मी हातातला कप ओट्यावर आपटला. चहा सगळीकडे सांडला.

"खाली बस," मी म्हटलं. "कागद घे. आणि एक ऐक, ऋता. 'दोनदा टाका' असं एकाही पोराला सांगितलंस ना, तर वर्गात येऊन तुझे कान उपटेन!"