पिवळ्या झळाळीआडचे जोड

सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. काचेची नळी कापायला घ्यावी तर चीर वाकडी जाई, झाडू घ्यावा तर काचांचे तुकडे नुसते इकडून तिकडे होत. दुपारी विद्यापीठातल्या मॅडमचा फोन येणार होता. पीएचडीच्या संशोधनाची जागा घेतेस की नाही, ते आज सांगायचं होतं. नाही म्हणायचं हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं, पण बाबांना त्याचा पत्ता नव्हता.

बाबा प्रयोगशाळांसाठी काच ज्योतीत तापवून, फुंकून उपकरणं घडवत. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं वर्कशॉप होतं. ती एम.एस्सी. झाली त्या दिवसापासून ते तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायला लागले होते, आणि तेही साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

“डॉक्टरीणबाई, आज लुडबुड नको. बोटं भाजून घ्याल, मग मॅडमना काय दाखवाल?”

“फोनवर बोटं दिसत नाहीत, बाबा.”

“जिभेची पीएचडी आधीच झालीय म्हणायची!”

ती हसली आणि ओठावर आलेलं पुन्हा गिळून बसली. विद्यापीठात काचेतून जाणारा प्रकाश मोजण्यात तिची दोन वर्षं गेली होती. आलेख चांगले यायचे, मॅडम खूश असायच्या. पण नळी ज्योतीत मऊ होऊन बोटांमध्ये लोंबायला लागली की नेमकं कधी फुंकायचं, या एका प्रश्नानं तिला जेवढं झपाटलं होतं, तेवढं त्या आलेखांनी कधीच नाही. हे बाबांना कोणत्या तोंडानं सांगायचं? गल्लीत पेढे वाटून झाले होते.

हाताला चाळा हवा म्हणून तिनं खोक्यातलं एक उपकरण उचललं. मॅडमच्याच प्रयोगशाळेत जायचा माल होता तो. आतली हवा काढून वापरायची जाड काचेची पात्रं. तिच्याकडे विद्यापीठातल्या दोन पोलरॉइड पट्ट्या होत्या. त्या एकमेकींवर आडव्या-उभ्या धरल्या की मधून प्रकाश येत नाही, सगळं काळं दिसतं. पण मध्ये ताण राहिलेली काच असली तर तेवढाच भाग उजळतो. म्हणून तर काचेचे दोन भाग वितळवून जोडले की तो जोड मंद ज्योतीत फिरवत सावकाश निववायचा असतो. ताण राहिला तर काच आज धडधाकट दिसते आणि पुढे कधीतरी, कुणी हात लावायच्या आत, तडकते.

खिडकीपाशी तिनं पात्र पट्ट्यांच्या मध्ये धरलं. जोडाभोवती पांढरं कडं लखलखलं. तिनं दुसरं पात्र घेतलं, मग तिसरं. खोकं रिकामं झालं, तरी कडं नसलेलं एकही पात्र निघालं नाही.

तिनं वळून पाहिलं. बाबा ज्योतीसमोर होते, पण डोळ्यांवर जांभळा चष्मा नव्हता. तापलेली काच पिवळी झळाळते आणि त्या झळाळीआड जोड दिसेनासा होतो. जांभळी काच ती झळाळी गाळते. तो चष्मा घातल्याशिवाय त्यांनी तिला कधी बर्नर पेटवू दिला नव्हता.

“बाबा, चष्मा कुठाय?”

“असेल कुठेतरी.”

“हे बघा जरा.” तिनं पट्ट्या त्यांच्यासमोर धरल्या.

त्यांनी पाहिलंच नाही. गॅस बंद केला. “चष्म्यातून अंधारच दिसतो मला,” ते म्हणाले. “मोतीबिंदू आहे. अंदाजानं करत होतो.”

“आणि हे फुटलं असतं तर? हवा काढताना? समोर कुणी उभं असताना?”

बाबांनी हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाले, “तुला कळलं असतं तर तू जागा सोडून इथे बसली असतीस.”

“मी तशीही नाहीच म्हणणार होते.”

“आता म्हणशीलच तसं.”

“आत्ताचं नाही हे. महिनाभर सांगायचं म्हणतेय!”

“मग सांगितलं का नाहीस?”

सकाळी जो निर्णय सगळा तिचा होता, तो आता आंधळ्या बापाची कीव केल्यासारखा दिसत होता. त्यांनाही, आणि घटकाभर तिलासुद्धा.

फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

“मग? येतेस ना?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, आधी तुमच्या पात्रांचं सांगते. जोडांत ताण राहिलाय. पुन्हा निववून, तपासून मगच पाठवू. उशीर होईल.”

“बरं. आणि जागेचं?”

तिनं बाबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते.

“नाही येत मी. मला हे काम करायचंय. काच मोजायची नाही, घडवायचीय.”

“घरी काही अडचण आहे का?”

“आहे. पण ती मला आत्ता कळली, मॅडम. माझं आधीच ठरलं होतं.”

मॅडमनी नीट विचार कर म्हणून बजावलं आणि फोन ठेवला.

बाबांनी एक पात्र उचलून त्याच्या जोडावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “ऑपरेशन करून घेतो. नीट दिसायला लागलं की तुझे जोड बघीन. मनासारखे नसले तर हाकलून देईन, मुलगी म्हणून ठेवून घेणार नाही.”

“आणि असले तर?”

“तर गल्लीला काय सांगायचं, ते तू बघ.”

तिनं बर्नर पेटवला, ज्योत मंद केली आणि पहिलं पात्र फिरवायला घेतलं. घाई चालणार नव्हती आणि जीवाला तर घाई सुटली होती. तिनं श्वास आवरला. बाबा शेजारी स्टूल ओढून बसले, आणि न दिसणाऱ्या जोडाकडे तोंड करून म्हणाले, “सावकाश. अजून सावकाश.”