दोघांच्या मापाचा झुला

मित्रांनो, मी घायपाताच्या वाखाचा एक जुना झुला आहे. उंच झाडावर टांगून हरणाची वाट बघण्यासाठी मला सेबास्तियानाने विणलं. तिचा नवरा फुल्हेन्सियो आणि तिचा धाकटा भाऊ अनाक्लेतो नेहमी जोडीनेच शिकारीला जायचे. "नवरा एकच केला होता, पण झुला दोघांच्या मापाचा करावा लागतोय!" असं म्हणत तिने मला चांगला रुंद केला.

दुपार कलली की ते मला रामोन नावाच्या उंच रानझाडाला बांधत. खाली पडलेली फळं खायला तिथे हरणं यायची. एका टोकाला दाजी, दुसऱ्या टोकाला मेव्हणा, तोंडं दोन दिशांना. मुंग्या चावल्या तरी हूं की चूं नाही. एकाला पेंग आली की दुसरा पायाच्या अंगठ्याने टोचायचा. कितीदा तरी ते रिकाम्या हाताने उतरत. "दाजी, आज हरणांना सुट्टी होती वाटतं," असं अनाक्लेतो म्हणे, आणि दोघे वाळल्या भोपळ्याच्या एकाच तुंब्यातून मक्याची आंबील पीत घरी जात.

एकदा अनाक्लेतो लाकडं आणायला गेला असताना, मारलेल्या हरणाच्या पोटात फुल्हेन्सियोला आवळ्याएवढा गुळगुळीत दगड सापडला. आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे: असा दगड ज्याच्याजवळ, त्याच्यापुढे हरणं आपणहून येतात, पण कुणाला सांगितलं की नशीब गेलं. त्याने तो मुकाट्याने माझ्या गाठीत खोवला.

मग काय विचारता! झाडावर बसायचा अवकाश, की हरीण हजर. वाटच बघायची नाही, तर सोबत कशाला? "आज कंबर धरलीय रे," असं मेव्हण्याला सांगून तो एकटाच येऊ लागला. मी एका बाजूला कलायचो. त्या बाजूचा वाख तुटू लागला. खरं सांगतो, मला त्याचा राग यायचा.

एका सकाळी अनाक्लेतो दाजींच्या कंबरेची चौकशी करायला आला. चुलीवर हरणाचं मांस धुरावत होतं.

"कंबर बरी झाडावर चढते तुमची!" सेबास्तियानाने नवऱ्याला टोमणा मारला.

अनाक्लेतो हसला नाही. त्याने हळूच विचारलं, "दाजी, माझ्या वजनाने फांदी मोडत होती का?"

त्याच दुपारी फुल्हेन्सियो मेव्हण्याला झाडावर घेऊन आला. माझी गाठ सोडून त्याने दगड त्याच्या तळहातावर ठेवला.

"एवढ्यासाठी खोटं बोललो तुझ्याशी."

"अहो, सांगितलंत कशाला? नशीब घालवलंत ना!"

"गेलं तर गेलं. एकट्याला बसवत नाही रे इथे."

अनाक्लेतो बराच वेळ दगड बोटांनी चोळत राहिला. "मग आता गप बसा," तो म्हणाला. "वाट बघायचीय."

उतरताना त्यांनी दगड झाडाच्या मुळाशी पुरला. त्या दिवशी हरीण आलं नाही. पुढचे अकरा दिवसही नाही. मी मात्र सरळ टांगलेला होतो, आणि सुखात होतो.

आता माझी वीण विरली आहे. सेबास्तियाना अधूनमधून नवा वाख भरते. मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, उंदरांपासून जपा. पण त्याहून मोठं मागणं हे, की दोघांसाठी विणलेल्या झुल्यात एकट्याने बसू नका. फुल्हेन्सियो आजही आधी मेव्हण्याला वर चढवतो, आणि त्याच्या वजनाने मी ताणला गेल्याशिवाय स्वतः बसत नाही.