शब्दाच्या पक्क्या मंजुश्रीताई

आमच्या चिखलीच्या चर्चमध्ये तरुण संघाचं काम मंजुश्रीताई अकरा वर्षं फुकट करतात. मुलाला ताप आला की ताई दवाखान्यात, पेपर असला की शाळेच्या फाटकाशी, प्रेमभंग झाला की थेट घरी, आईबापांसमोर.

म्हणून संघातल्या अपेक्षानं त्यांनाच सांगितलं. बारावी झालेली, अठरा पूर्ण. वडिलांनी, मोतीरामनं, साखरखेर्ड्याचं स्थळ ठरवलेलं आणि हिचा नंबर जालन्याच्या नर्सिंग कॉलेजात लागलेला. प्रवेशाची मुदत सोमवारी पाचपर्यंत. सकाळच्या एसटीनं गुपचूप जायचं होतं.

"ताई, कोणाले सांगू नका."

"तुहं नाव माह्या तोंडातून निघणार नाही. शब्द देते."

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या. ताई उठल्या. "संघातल्या एका मुलीसाठी प्रार्थना करा. नाव सांगणार नाही, शब्द दिलाय. उद्या सकाळच्या गाडीनं ती लग्न टाळून जालन्याला नर्सिंगला चाललीय. तिचे वडील आपल्या चर्चची घंटा वाजवतात. प्रभू त्यांना कळू न देवो."

मंडळींनी डोळे मिटून आमेन म्हटलं. मोतीरामचे डोळे उघडेच होते.

सोमवारी पहाटे त्यानं पोरीला खोलीत कोंडलं. आता पाहुण्यांना आणायला साखरखेर्ड्याला जायचं, तर चावी कोणाकडे ठेवायची? बायको रडकी. त्यानं ताईंना बोलावलं. "पाचपर्यंत उघडायचं नाही. शब्द द्या."

ताईंनी दिला, आणि दाराला टेकून बसल्या.

"ताई, कुलूप काढा. अजून अडीचची गाडी भेटते."

"तुह्या बाबाले शब्द देला ना. शब्द मोडणारी बाई तुले चालन का?"

"चालन."

"असं बोलू नाही बेटा." त्यांनी दाराखालून बिस्किटं सरकवली. एकेक, कारण फट लहान होती.

"तुमची पोरगी असती तर?"

"तुम्ही साऱ्या माह्याच पोरी."

अडीचनंतर आतून आवाज आला नाही. ताईंनी तेही समजून घेतलं. या वयात मुलं अबोल होतात. जेवायलासुद्धा त्या उठल्या नाहीत.

पाचला त्यांनी कुलूप काढून हात पसरले. "पाह्य, एक मिनिट सोडलं नाही मी तुले."

अपेक्षा त्यांच्या शेजारून निघून आईपाशी गेली.

"आई, साडी कोणती नेसू?"